पुढच्या खोलीचा पिवळा रंग

जयनगर, बंगळूर
फेब्रुवारी १९९८

घागर नळाखाली होती, दूध गॅसवर होतं, आणि मी वरच्या मजल्यावर अभिराजच्या टेबलाखालची फरशी ओल्या फडक्याने पुसत होते. (घागर भरून वाहू लागली की आवाज येतो आणि दूध वर यायला लागलं की वास येतो, त्यामुळे दोन्ही सोडून वर यायला माझी हरकत नसते. सूनबाईची, सौम्याची, असते.) उठताना कंबरेत कळ आली म्हणून टेबलाचा आधार घेतला, टेबल हललं, आणि कॉम्प्युटरची झोपलेली काच एकदम जागी झाली. तिच्यावर आपलं घर होतं. छप्पर काढून वरून पाहावं तसं. स्वयंपाकघर ओळखलं, देवघर ओळखलं, न्हाणीघर तर लगेच. आणि रस्त्याकडची पुढची खोली, जिथे बसून तुमच्या भावाने जन्मभर लोकांच्या घरांचे नकाशे काढले, ती चारही भिंतींसकट पिवळी होती.

पण वन्सं, नमस्कार राहिला. करते. तुमच्या पायांवर रत्नाचं डोकं आहे असं समजा. जीभ मात्र ठेवून घेतली आहे, ती या पत्रात लागणार आहे. तुमचा गुडघा कसा आहे? अंगणातल्या शेवाळावरून तुळशीला पाणी घालायला जाऊ नका, लांबूनच घाला, तुळस रागावत नाही. धारवाडला सकाळी अजून थंडी असेल. इथे दुपारी पंखा लागायला लागला. आम्ही सगळे खुशाल आहोत, म्हणजे एकमेकांशी फारसं बोलत नाही, पण जेवणं वेळेवर होतात.

परवा तुमचा फोन आला. तुम्ही म्हणालात, "रत्ना, या वयात हट्ट कसला? मुलगा आर्किटेक्ट आहे, त्याला कळतं." मी "हो वन्सं, सरी वन्सं" एवढंच म्हणाले. तो होकार नव्हता. फोन हॉलमध्ये आहे, आणि अभिराज शेजारी बसून बुटाची नाडी बांधत होता, ती तुमचं बोलणं संपेपर्यंत बांधली जात होती. तेव्हा माझं उत्तर आता घ्या. चहा घेऊन बसा, लांब आहे.

तुम्ही भावाच्या टेबलापाशी फारशा कधी आला नाहीत (तुमच्या इरकलीवर शाई सांडली होती तेव्हापासून), म्हणून आधी रंगांचं सांगते. कॉर्पोरेशनला नकाशा द्यायचा तर त्यात रंग भरावे लागतात आणि ते आपल्या आवडीचे नसतात. जे आहे आणि राहणार आहे ते काळं. जे नव्याने बांधायचं ते लाल. जे पाडायचं ते पिवळं. एवढं कळलं की अक्षर न येणाराही नकाशा वाचतो. घाईचं काम असलं की लाल रंग मी भरायची, पिवळा मात्र हे स्वतः भरत. म्हणत, लाल चुकला तर एखादी भिंत जास्तीची होते, पिवळा चुकला तर कोणाचं तरी घर जातं. तर मी काचेसमोर फडकं धरून उभी होते आणि मला कळलं की माझ्या घरातली एक खोली पाडायचं ठरलं आहे. मुलाने सांगितलं नाही, सुनेने सांगितलं नाही, तुम्ही सांगितलं नाही. रंगाने सांगितलं. खालून दुधाचा वास आला. मी गेले नाही.

बेत काय आहे तो तुम्हाला त्याने सांगितलाच असेल. खोली गेली की तिथे मोटार उभी राहणार आणि बाजूने जिना वर जाणार, म्हणजे वरचा मजला कोरमंगलाला कंटाळलेल्या एखाद्या कॉम्प्युटरवाल्या जोडप्याला भाड्याने देता येईल. मोटार अजून घेतलेली नाही. माणूस गेला की त्याची खोली जाते हे मी समजू शकते, पण न आलेल्या मोटारीसाठी जाते हे मला समजत नाही.

तुम्ही म्हणाल, तेव्हाच विचारायचं होतं. विचारलं असतं तर अभिराजने समजावून सांगितलं असतं, आणि समजावताना तो माझा हात हातात घेतो, मग मला काही बोलता येत नाही. (ही त्याच्या वडिलांची सवय. त्यांनी अशाच हाताने मला फ्रिजशिवाय किती उन्हाळे काढायला लावले ते तुम्हाला ठाऊक आहे.) म्हणून मी विचारलं नाही. मी पुस्तक काढलं.

पुस्तक म्हणजे त्या नकाशे काढायच्या प्रोग्रॅमबरोबर खोक्यातून आलेलं, विटेएवढं जाड. अभिराजने ते उघडलेलं नव्हतं. कॉम्प्युटरची काच डोळ्यांच्या रेषेत यावी म्हणून त्याने ते तिच्याखाली ठेवलं होतं. मी ते ओढून काढलं आणि त्या जागी देवघरातला जुना पाट सरकवला. (आता तो कॉम्प्युटर पाटावर बसतो, मुंजीतल्या बटूसारखा. कोणाच्या लक्षातही आलं नाही.) माझी शाळा चौथीला सुटली, वाचन सुटलं नाही, हे तुम्ही जाणताच, आणि त्यावरून तुम्ही मला बोललाही आहात. घरात मराठी पुस्तकं संपली की मी रेल्वेचं वेळापत्रक वाचायची, ते संपलं की औषधाच्या बाटलीभोवतीचा बारीक कागद. इंग्रजी मी ह्यांनी आणलेल्या शब्दकोशाला धरून शिकले, आंधळ्याने भिंतीला धरून चालावं तशी. त्यामुळे जाड पुस्तकाची मला भीती नाही. जाड पुस्तकात निदान लवकर संपण्याची काळजी नसते.

रोज दुपारी भांडी झाली की मी पुढच्या खोलीत जाऊन वाचायची. तिथे ह्यांचा उतरता बोर्ड आहे, त्याच्या खालच्या कडेला पट्टी आहे, तिच्यावर पुस्तक टेकवलं की मिटत नाही आणि मानही वाकवावी लागत नाही. उंच स्टुलावर चढून बसलं की पाय लोंबकळतात, तेवढं सोसायचं. पहिल्या प्रकरणात कॉम्प्युटर चालू कसा करायचा ते होतं, ते मला येत होतं. दुसऱ्यात बंद कसा करायचा ते होतं, ते अभिराजला येत नाही. पुढे भिंती, दारं, जिने. अशी वाचत वाचत मी रंगांपाशी आले. त्यात असं सांगितलंय की तुम्ही भिंत काढा, दार काढा, काहीही काढा. तुम्ही रंग सांगितला नाहीत तर त्याला एक ठरलेला रंग आपोआप लागतो. त्याला 'डिफॉल्ट' म्हणतात. (माझ्या शब्दकोशात या शब्दापुढे 'कसूर' एवढंच आहे. मी दोन दिवस समजत होते की चुकलेल्या भिंतींचं प्रकरण आहे.) आणि पुढे असंही लिहिलंय की हा ठरलेला रंग ज्याला पटत नसेल त्याने बदलावा. परवानगी कोणाची घ्यायची ते लिहिलेलं नाही. मी ती ओळ पुन्हा वाचली. मग शब्दकोश काढून एकेक शब्द पाहिला. नाहीच लिहिलेलं.

दोघं यशवंतपूरला एका लग्नाला गेली त्या दिवशी मी कुकर लावला, साडीला हात पुसले आणि वर जाऊन बसले. पुस्तक मांडीवर. रंगांची चौकट उघडायला मला बराच वेळ लागला, कारण माऊस मी धरते तेव्हा तो भलतीकडे पळतो, पण उघडली. त्यात एकाखाली एक सगळं घर लिहिलेलं होतं: नवी भिंत, पाडायची भिंत, दार, खिडकी, जिना, झाड, माणूस. (माणसालाही रंग आहे. जांभळा. का, ते पुस्तकात नाही.) मी नव्या भिंतीला पिवळा दिला आणि पाडायच्या भिंतीला लाल. म्हणजे माझी खोली बांधायची ठरेल आणि त्यांचा जिना पाडायचा ठरेल, असा माझा हिशेब. बटण दाबलं. घर होतं तसंच राहिलं. खोली पिवळीच. पान उलटून पाहणार तोवर खाली कुकरने शिट्ट्या घालायला सुरुवात केली, आणि मला इतका राग आला की मी पुस्तक पुन्हा त्या पाटाखाली कोंबलं आणि वरण घोटायला निघून गेले. पुढच्या पानावर काय होतं ते मी सगळं होऊन गेल्यावर वाचलं. तिथे लिहिलंय की बदललेला रंग त्यानंतर काढलेल्या गोष्टींना लागतो; आधी काढून ठेवलेल्यांना नाही.

त्यानंतर काढलेली गोष्ट म्हणजे कोरमंगलाच्या बिंदुमाधवरावांचं घर. रिटायर्ड गृहस्थ, घरामागे नवं न्हाणीघर हवं होतं आणि स्वयंपाकघरातली एक जुनी भिंत नको होती. अभिराज काढायला बसला तर न्हाणीघर पिवळं उमटलं. आता तुम्ही विचाराल, त्याला दिसलं नाही का? दिसलं. पण त्याला वाटलं रंग सौम्याने बदलले. तीही आर्किटेक्ट, दोघांचा कॉम्प्युटर एकच. तिला वाटलं अभिराजने बदलले. लग्नाला अजून वर्ष व्हायचं आहे, दुसऱ्याच्या आवडीला नावं कशी ठेवायची? मी ताटं वाढत होते तेव्हा माझ्या कानावर आलं, "नवे रंग मस्त दिसतात हं," तो म्हणाला. "हो ना, किती फ्रेश!" ती म्हणाली. मला वाटलं पडद्यांबद्दल बोलतायत. आमच्या लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी मी ह्यांना सांगितलं होतं की तुमचा कोट बोहारणीला द्यायच्या लायकीचा आहे; त्यानंतर आयुष्यभर आमच्यात रंगावरून घोटाळा झाला नाही. (पिवळ्याचा नियम आर्किटेक्टला माहीत नाही का, असंही तुम्ही विचाराल. तो म्हणतो, तो कॉर्पोरेशनच्या नकाशाचा नियम, कामावरच्या नकाशाला काय त्याचं? हे तो नंतर म्हणाला. आधी म्हणाला असता तर बरं होतं.)

रंगीत नकाशा नागोजी मेस्त्रीच्या हातात गेला. नागोजी तुम्हाला आठवेल, आपल्या गच्चीचा उतार ज्याने उलटा केला तो. त्याला इंग्रजी अक्षर येत नाही, रंग येतात, आणि ते तुमच्या भावाने शिकवलेले. तो माणसं घेऊन कोरमंगलाला गेला. बिंदुमाधवराव बँकेत गेलेले. हा नकाशा उघडून मागच्या कोपऱ्यात गेला, पिवळं न्हाणीघर पाडायला, तर तिथे एक नारळाचं झाड आणि कपडे वाळत घालायची दोरी. दुसरा कोणी असता तर म्हणाला असता, नकाशा चुकला. नागोजी मला नंतर स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसून म्हणाला, "अक्का, तुमच्या घरचा, भगवंतअण्णांच्या घरचा रंग कधी चुकलाय? मग मी म्हटलं, घरच चुकलं असणार." त्याने कुंपणावरून पलीकडे पाहिलं. शेजारच्या घराला नेमकं त्याच कोपऱ्यात न्हाणीघर. हा वळसा घालून पलीकडे गेला आणि त्या घरच्या बाईंना म्हणाला, "अक्का, बादली बाहेर घ्या, न्हाणीघर पाडायचंय." त्या बाई डोक्याला शिकेकाई लावून उभ्या. "यारू हेळिद्रू?" त्यांनी विचारलं, कोणी सांगितलं म्हणून. नागोजीने नकाशा दाखवला. आता वन्सं, ती बाई शिकलेली, तिचा नवरा वकील, पण रंगीत कागद पाहिला की माणूस स्वल्प मऊ पडतो. तिने बादली बाहेर आणून दिली. तांब्याही दिला. वकील लुंगी सावरत बाहेर येईपर्यंत झरोक्याच्या बाजूच्या काही विटा खाली आल्या होत्या.

एवढ्यावर थांबलं नाही. बिंदुमाधवरावांची जी स्वयंपाकघरातली भिंत पाडायची होती, ती नकाशात लाल होती, म्हणजे बांधायची. पण ती तर उभीच. मग तिचं राहिलं काय, तर गिलावा. नागोजीने शेजारी घाव घालायला जाण्याआधी एका माणसाला तिथे बसवलं होतं. बिंदुमाधवराव बँकेतून आले तेव्हा नको असलेल्या भिंतीला गुळगुळीत नवा गिलावा झालेला, आणि कुंपणापलीकडे वकील कन्नडमधून कायदा सांगत उभे.

संध्याकाळी आमच्याकडे सभा भरली. अभिराज म्हणाला, चूक माझी. सौम्या म्हणाली, नाही, माझी. दोघंही दुसऱ्याला वाचवत होती आणि दोघांनाही कळेना की कशातून. मग ठरलं की कॉम्प्युटरला व्हायरस झाला. दुसऱ्या दिवशी टाय लावलेला एक इसम आला, त्याने कॉम्प्युटरसमोर बसून डॉक्टर छाती ठोकून पाहतात तशी बटणं दाबून पाहिली आणि मान हलवली. म्हणाला, फ्लॉपीतून आलेला आहे, आतपर्यंत गेलाय, सगळं पुसून नव्याने घालावं लागेल. मी कॉफी घेऊन दारात उभी. सगळं पुसायचं म्हणजे आपलं घरही पुसलं जाणार, पिवळ्या खोलीसकट. वन्सं, खरं सांगते, मी दारातच थोडी थांबले. गप्प राहिले असते तर काम झालं असतं. पण सौम्याचा चेहरा पाहिला. पोरीचं कितीतरी महिन्यांचं काम त्या डब्यात आहे, आणि नकाशा पुसला म्हणून बेत पुसला जात नाही हे मलाही कळतं. मी ट्रे खाली ठेवला आणि म्हणाले, "व्हायरस नाही. मी आहे."

टायवाला कपाकडे हात नेता नेता थांबला.

"आई, तू रंग बदललेस?" अभिराज म्हणाला.

"बदलले. त्यांना कॉफी घेऊ दे, निवतेय."

"पण का?"

"खोली पिवळी का?"

तो सौम्याकडे पाहायला लागला, सौम्या पाटाकडे. (तेव्हा कुठे तिला पाट दिसला.) मग म्हणाला, "अगं, तो रंग मी दिलेलाच नाही. पाडायची भिंत म्हटली की तो आपोआप येतो."

"आणि पाडायची म्हटलं कोणी? तेही आपोआप?"

"तुला सांगणारच होतो."

"कधी? विटा मोजताना?"

मग तो जे बोलला ते तुम्हाला त्याने फोनवर सांगितलेलं नसणार, म्हणून लिहिते. म्हणाला, तू रोज दुपारी त्या खोलीत जाऊन रडतेस, सौम्याने खिडकीच्या फटीतून पाहिलंय. आम्हाला वाटलं, खोलीच नसली तर तुला बरं वाटेल. आणि माझा हात हातात घ्यायला पुढे आला. मी हात पदराखाली घेतले. म्हटलं, अरे, मी या कॉम्प्युटरचंच पुस्तक वाचत होते, अक्षर मुंगीच्या पायाएवढं, चष्मा जुना, डोळ्यांना पाणी येणार नाही तर काय होईल? रडणं मला कुठेही येतं. रिक्षात येतं, भाजीवाल्यासमोर येतं, परवा पोस्टाच्या रांगेत आलं, पुढच्या माणसाने मला त्याची जागा दिली. रडायला खोली लागत नाही. वाचायला लागते.

टायवाला कॉफी पिऊन गेला.

मला त्या 'आपोआप'चा राग आहे, वन्सं. आपोआप काही येत नसतं, कोणीतरी आधी बसवून ठेवलेलं असतं आणि मग निघून गेलेलं असतं; पुस्तकात स्वच्छ लिहिलंय. आता तुम्ही रागावाल, पण विषय निघालाच आहे. हे गेले तेव्हा तेराव्याला तुम्ही मला तीन साड्या आणल्यात, तिन्ही राखी. मी विचारलं नाही की राखी का, तुम्ही सांगितलं नाही की राखी का, तुम्हालाही कोणी सांगितलं नसेल. दुकानात गेलात, हात आपोआप तिकडे गेला. माया होती त्यात, हे मी विसरत नाही. अभिराजच्या पिवळ्यातही मायाच होती. पण दोन साड्या नेसून फाटल्या, आणि तिसरी आता कॉम्प्युटरवर आहे. धूळ बसू नये म्हणून रोज रात्री त्याला पांघरते. त्याला शोभते. मी हिरवी नेसते. ती लग्नातली आहे, कडेला विरली आहे, ती नेसून मी त्या स्टुलावर बसते आणि ह्यांची आठवण येते तेव्हा येऊ देते. ते गेलेत हे मला हिरव्या साडीतही तितकंच कळतं.

तर तुमच्या फोनचं उत्तर हे की हट्ट कसला विचारलंत, तर हा. पुढच्या खोलीची एक वीटही मी हलू देणार नाही. मोटार आली तर रस्त्यावर उभी राहील, जयनगरला रस्ते चांगले रुंद आहेत. भाडेकरू आले तर मागच्या जिन्याने चढतील, आम्हीही चढतो, आमचं काही बिघडलेलं नाही. अभिराज मला म्हणाला, निदान रंग तरी होते तसे करून दे. मी म्हटलं, नाही. पुस्तक पाटाखाली आहे, काढ आणि वाच. तो अजून काढत नाही, त्याचं नाक मध्ये येतं (नाक तुमच्या घरचं आहे). सौम्याने मात्र काढलं. काल दुपारी माझ्याकडे घेऊन आली आणि म्हणाली, "आई, तुम्ही कुठपर्यंत आलात? मी मागून येते." मी तिला स्टूल दिलं आणि मी खुर्ची घेतली. एका पानावर दोघींनाही अडलं. बरं वाटलं.

त्या शेजारच्या बाईंकडे मी नागोजीला घेऊन स्वतः गेले. माफी मागायला गेले होते, पण बाई म्हणाल्या, बरंच झालं, झरोका लहानच होता, आता विटा पडल्याच आहेत तर मोठा करून द्या, आणि जमलं तर सगळं न्हाणीघरच नवं करून द्या. वकीलसाहेबांनी मान डोलावली. म्हणजे अभिराजला एक गिऱ्हाईक मी मिळवून दिलं. त्याने आभार मानलेले नाहीत. मीही वाट पाहत नाही.

लिहून हात दुखला, मन नाही दुखलं. गुडघ्याला एरंडेल चोळून गरम फडकं बांधा, आणि मी काय काय लिहिलंय ते मनावर घेतलंत तरी चालेल, उलट घ्याच.

तुमची धाकटी वहिनी,
रत्ना

ता. क. खरं काम सांगायचं राहिलं. अभिराज या रविवारी तुमच्याकडे येणार आहे. रंगीत नकाशे घेऊन येईल. वडील गेल्यापासून तुमच्या शब्दाशिवाय तो काही करत नाही, त्यामुळे तुम्हाला म्हणेल, आत्या, तूच आईला समजाव. त्याला पोटभर जेवायला घाला, धारवाडी पेढे बांधून द्या, आणि सांगा की खोली रत्नाची आहे, तिला विचार. एवढंच. हे पत्र मी या एवढ्या कामासाठीच लिहिलेलं आहे, बाकीचं सगळं तुम्हाला राग येऊ नये म्हणून, किंवा यावा म्हणून. मला नक्की ठरवता आलं नाही.

दुसरा ता. क. साडीवरून फार रागावल्या असाल तर ती परत पाठवू शकत नाही, कॉम्प्युटरच्या मापाने कापली आहे. नकाशे छापायचं यंत्र मात्र उघडंच आहे आणि ते लांबलचक आहे. तुमच्याकडे एखादी जुनी नऊवारी असेल तर अभिराजबरोबर पाठवा. रंग कोणताही चालेल.

तिसरा ता. क. काल पत्र लिहून झालं, पाकीट चिकटवायला खळ मिळाली नाही म्हणून घरातच राहिलं, ते बरं झालं. वर 'एक वीटही हलू देणार नाही' असं लिहिलंय, ते खोडत नाही, खोडलं तर पान घाण दिसेल. पण वन्सं, त्या खोलीत दुपार कलली की वाचता येत नाही. पश्चिमेची भिंत आंधळी आहे. तुमच्या भावाला मी संसारभर सांगत होते की तिथे एक खिडकी काढा, आणि ते म्हणायचे, पश्चिमेचं ऊन आलं की शाईचा रंग उडतो. खरं होतं त्यांचं. त्यांना रंग टिकवायचे होते. मला वाचायचं आहे. सौम्यालाही. अभिराज कामावर गेला होता, विचारायला घरात कोणी नव्हतं, आणि मी विचारणारही नव्हते. आज सकाळी मी नागोजीला बोलावलं आणि त्या भिंतीत खिडकी पाडून घेतली.